चार आण्यांचा वाळा

"नत्थुजी, राग मानू नका, पण तुमी जरा वाऱ्याच्या पलीकडून बसत जा," वामनराव म्हणाले आणि त्यांनी उपरण्याचं टोक नाकाशी नेलं.

नत्थुजी गादीवरून हातभर सरकले. पण चैत्रातल्या अकोल्यात वारा असतो कुठे? जो काही होता तो मोर्णेच्या कोरड्या पात्रातून तापून यायचा आणि त्याला अलीकड-पलीकड काही नव्हतं. वामनरावांनी थोडा वेळ धीर धरला, मग सरळच सांगितलं, "काल तो बाळापूरचा व्यापारी पान न खाताच उठून गेला. काहून गेला, माहीत हाय? तुमच्या घामापायी. उमरावतीच्या बाजारात पारखी लोक अत्तर लावून बसतात म्हणे. आठ दिवसांत काही केलं तं ठीक, नाई तं मी तिकडूनच एक पारखी आणतो. तुमी मागं वखारीत बोजे मोजत बसा."

बोजे मोजायला कोणीही चालतो. नत्थुजी पारखी होते. त्या दिवसांत अमेरिकेत कुठे तरी भाऊबंदांचीच लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि वऱ्हाडातल्या कापसाला कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता असा भाव आला होता. भाव आला तसं शहाणपणही आलं. बाजारात आणण्याआधी कापसावर थोडं पाणी मारलं की वजन वाढतं, हे एका गावाला कळलं ते दहा गावांना कळलं. हे पाणी पकडणं म्हणजे नत्थुजींचं काम. बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, चढायचं, बोज्यात खांद्यापर्यंत हात घालायचा, पार आतली मूठभर रुई काढायची, नाकाशी धरायची आणि एकच शब्द बोलायचा. "कोरडा" म्हटलं की बंडी काट्याकडे, "ओल" म्हटलं की बंडी बाजूला आणि भाव खाली. वामनरावांच्या अडतीवर गेली चौदा वर्षं हा एक शब्द नत्थुजींचा होता.

अशा या नाकाला स्वतःचा घाम मात्र कधी आला नव्हता. आपला वास आपल्याला येत नाही ही सोय देवाने विचार करूनच केली असणार, नाही तर निम्म्या लोकांना घर सोडून राहावं लागलं असतं.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "माया अंगाचा वास येते का वं?"

मनकर्णा भाकर थापत होती. तिने मान वर केली नाही. "आता इचारून राहिले? अठरा वर्सं झाली लग्नाले."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगून काय करावं? मले वाटलं, एवढे मोठे पारखी, त्याईले समजत असंन. अन् आवडत असंन."

नत्थुजी पागोटं चढवून बाहेर पडले आणि दहीहंडा वेशीजवळच्या रहमतुल्ला अत्तरवाल्याच्या दुकानात जाऊन बसले. हवं ते त्यांनी स्वच्छ सांगितलं. अत्तर स्वस्त पाहिजे, रोज लावता आलं पाहिजे, वास ताजा पाहिजे, उन्हाळ्यात डोक्यात जायला नको, आणि जवळ बसलेल्या माणसाने पान खाऊनच उठलं पाहिजे.

रहमतुल्लाने दाढीवरून हात फिरवला. "नत्थुजी, तुमाले अत्तर पाह्यजे का जावई?"

पूर्वी रहमतुल्ला नमुन्याला अत्तराचा फाया द्यायचा, चांगला बोराएवढा. कापसाचे भाव चढले तसा तो फाया लहान होत होत तुरीच्या दाण्यावर आला आणि यंदा बंदच झाला. अत्तर परवडतं, कापूस परवडत नाही, असं तो म्हणायचा. म्हणून आता तो कुपीतली काडी सरळ गिऱ्हाइकाच्या बोटाला लावत असे. त्याने नत्थुजींच्या उजव्या अंगठ्याला गुलाब लावला.

"झ्याक हाय," नत्थुजी म्हणाले, "पण कोणाच्या तरी लग्नात बसल्यासारखं वाटते. रोज रोज कोणाचं लगीन लावू?"

दुसऱ्या बोटाला मोगरा लागला. "नाई बाप्पा. हा वास घेऊन घरी गेलो तं बायको इचारंन, कोठी होते म्हून."

तिसऱ्याला केवडा. "याच्या वासाले साप येते म्हणतात."

"दुकानात वीस वर्सं झाले, एकबी नाई आला."

"तुमाले दिसते ना कुपीत काय हाय ते. मी बोज्यात खांद्यापावतो हात घालतो. आत कोण बसलं हाय, मले काय दिसते?"

हे रहमतुल्लालाही पटलं. मग हिना आली. ती लावताच नत्थुजींना रजई पांघरल्यासारखा घाम फुटला, कारण हिना हा थंडीतला माल. चंदन लागलं, पण त्याची किंमत ऐकून नत्थुजींनी बोट आखडून घेतलं. मग डाव्या हाताची बोटं सुरू झाली. अर्ध्या तासात दहा बोटांना दहा वास लागले आणि नत्थुजी गोंधळून गेले. ज्या नाकाने बोज्याच्या पोटातला चुळभर पाण्याचा डाग शोधला असता, त्याला आता केवडा कोणता आणि करंगळी कोणती हे कळेना. शेवटी त्यांनी दोन्ही पंजे पसरून धरले आणि म्हणाले, "मी घरी इचारून येतो."

मनकर्णाने एकेक बोट हुंगलं. गुलाबाला नाक मुरडलं, मोगऱ्याला भुवया चढवल्या, हिनेला शिंकली. डाव्या अंगठ्यापाशी मात्र ती थांबली, पुन्हा एकदा वास घेतला आणि तिचा आवाजच बदलला. "हे बरं हाय. रांजणापाशी बसल्यासारखं गार वाटते. हेच घ्या."

"कोणतं हाय हे?"

"मले काय माहीत? बोट तुमचं हाय."

नत्थुजींना काही केल्या आठवेना. दुकान बंद व्हायच्या आत पोचायला हवं म्हणून ते डावा अंगठा उभा धरून, कशाला लागू न देता, भर बाजारातून निघाले. वाटेत तिघांनी विचारलं, "काय झालं? इंचू का?" तिघांनाही नत्थुजींनी एकच उत्तर दिलं, "नाई, वास हाय." तिघेही थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत उभे राहिले.

रहमतुल्लाने अंगठा हुंगला. "वाळा. पसंत चांगली हाय घरच्या माणसाची. नाल्याकाठच्या गवताची मुळी असते, दारावरच्या पाणी मारलेल्या ताटीसारखा वास. नुस्ता थंडावा. अन् कुपी चार आण्याले."

चार आणे ऐकून नत्थुजींच्या जिवात जीव आला. पण लावायचं कुठे हा प्रश्न उरलाच. अंगाला लावावं तर घामासोबत वाहून जाणार. कानात फाया ठेवावा तर त्याहून वाईट. अडतीवरून निघताना कोणाच्या अंगावर रुईचा कण दिसला तरी त्याची झडती व्हायची, असा दिवस कापसाला आला होता. चौदा वर्षांचा पारखी कानात कापूस घालून बाहेर पडला तर लोक काय म्हणतील?

"मिशीले लावा," रहमतुल्ला म्हणाला. "नवाबी रिवाज हाय. वास नाकाखालीच रायते, वाया जात नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजींनी मिशीला दोन्ही बाजूंनी वाळा चोपडला, पीळ दिला आणि ते गादीवर जाऊन बसले. वामनरावांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. "आज कोठून तरी गार वारा येऊन राहिला," ते म्हणाले. नत्थुजींना इतकं बरं वाटलं की ते नेहमीपेक्षा आधीच बंड्यांकडे निघाले.

पहिली बंडी हिवरखेडच्या पुंजारामची. नत्थुजी वर चढले. पुंजाराम सवयीने तीन हात लांब, जू धरून उभा राहिला. नत्थुजींच्या जवळ उभं राहायचं नसतं हे बाजारात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला, मूठ काढली, नाकाशी धरली आणि जोरात श्वास सोडून परत घेतला.

"ओल," ते म्हणाले.

"ओल? देवाची आन, नत्थुभाऊ..."

नत्थुजींनी पुन्हा हुंगलं. इतकी स्पष्ट ओल चौदा वर्षांत त्यांच्या नाकाला लागली नव्हती. "नुस्ती ओल नाई, पुंजाराम. नाल्याची हाय. काठच्या गवताच्या मुळीचा वास येते."

पुंजारामच्या हातातलं जू सुटलं. "मुळीबी समजते?" तो हळू आवाजात म्हणाला. "नाल्यावर बैल पाजले, भाऊ. म्हटलं, कापसालेबी थोडं पाजावं. दोनच लोटे. पोराईची शपथ, दोनच."

बंडी बाजूला गेली. दुसरी बंडी पातुरच्या नबीची. तिच्यातही नाला. नबी उसळून म्हणाला, "नाल्याचं? आमच्याकडचा नाला कवाचाच आटला! हे तं इहिरीचं हाय!" आणि बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. नत्थुजी मात्र विचारात पडले. विहिरीच्या पाण्याला नाल्याच्या मुळीचा वास कसा? तिसरा म्हणाला, मी पाणी मारलंच नाही, तीन रात्री कापूस माळवदावर दवात ठेवला होता. दवालाही मुळीचा वास! चौथ्याच्या बायकोने केरसुणीने शिंतोडे मारले होते, पाचव्याने तळाचं गोणपाट भिजवलं होतं. पाच गावं, पाच तऱ्हेची पाणी, आणि वास मात्र एकच. नत्थुजींच्या डोक्यात काही शिरेना, पण नाक चुकतंय म्हणावं तर समोर माणूस कबूल करत होता.

दहाच्या सुमाराला अकरा बंड्या बाजूला लागल्या. रांगेत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, नत्थुजींनी काही अनुष्ठान केलंय. कोणी म्हणालं, काल संध्याकाळी ते अंगठा उभा धरून बाजारातून चालले होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तेव्हाच काही तरी साधलं. बाराव्या बंडीच्या मालकाने तर नत्थुजी वर चढायच्या आतच हात जोडले, "हात घालू नका भाऊ, मीच सांगतो."

वामनराव आधी हरखले. मग त्यांच्या मनात पाल चुकचुकली. आज बाराच्या बारा ओल्या, तर काल कोरड्या म्हणून घेतलेल्यांचं काय? "नत्थुजी, जरा मागं चला," ते म्हणाले आणि त्यांना वखारीत घेऊन गेले.

नत्थुजींनी कालचा बोजा हुंगला. ओल. परवाचा हुंगला. ओल. शेवटच्या कोपऱ्यात पौषातला माल होता, उंदरांनीही सोडून दिलेला, तोही ओला. वामनरावांचा चेहरा उतरत चालला. ते धावत बाहेर आले आणि त्यांनी आपल्या गादीची शिवण उसवून कापूस काढला. "हे पाहा. माया आज्याच्या वेळची गादी हाय."

नत्थुजींनी मूठ नाकाशी धरली आणि त्यांना रडूच आलं. "ओल हाय, शेठ. हेबी नाल्याचंच हाय."

"म्हणजे आजा नाल्यात झोपत होता?"

"मले नाई समजत! मले सगळं अकोलं ओलं लागून राहिलं!" नत्थुजी मटकन खाली बसले. चौदा वर्षांचं नाक गेलं, हे त्यांना दिसत होतं. आता उमरावतीचा कोणी अत्तर लावलेला माणूस येऊन या जागी बसणार, आणि आपण मागे बोजे मोजणार. आणि आजच, नेमकं चार आणे खर्च केले त्याच दिवशी! त्यांनी मिशीवरून हात फिरवून डोळे पुसले.

तेवढ्यात पुढची बंडी लागली. ती बोरगावच्या मैनाबाईची. नवरा गेल्यापासून काळ्या जमिनीचा तुकडा ती स्वतः कसत होती आणि बंडीही स्वतःच हाकून आणायची. वामनराव म्हणाले, "एवढी शेवटची पाहून घ्या. मंग आपण वैद्याकडे जाऊ."

नत्थुजी कसेबसे वर चढले. हात घातला, मूठ काढली, हुंगली आणि कोणाकडे न बघता म्हणाले, "ओल."

"काय म्हणतलं?" मैनाबाईने विचारलं.

"ओल हाय, बाई. नाल्याची. तुमीबी कबूल करून टाका, सगळ्याईनं केलं."

मैनाबाईने पदर खोचला. "नत्थुभाऊ, आमच्या बोरगावात प्यायले पाणी नाई. दोन कोस जातो तवा एक घागर भेटते. ते पाणी पोराईच्या तोंडात घालू का कापसावर ओतू? सांगा ना. कोणत्या नाल्याचं हाय? मले दाखवा तो नाला, मी उद्यापासून तिथूनच पाणी आणीन!"

मैनाबाई चाकावर पाय देऊन सरळ बंडीवर चढली. आजवर कोणी केलं नव्हतं ते तिने केलं, म्हणजे नत्थुजींच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिने आपल्या कापसाची मूठ हुंगली. काही नाही. मग थांबली, मान वळवली आणि हवेत दोनदा नाक ओढलं. नत्थुजी मागे सरकले. ती पुढे सरकली. बंडीला किती जागा असणार?

"ओल कापसाले नाई," मैनाबाई खणखणीत आवाजात म्हणाली. "तुमच्या मिशीले हाय."

वामनरावांनी नत्थुजींना खाली उतरवून स्वतः वास घेतला. मग कापसाची मूठ त्यांच्या नाकाशी धरून श्वास सोडायला लावला, तेव्हा सगळं उघड झालं. गरम श्वास मुठीवर आपटून मिशीवर यायचा, आणि मिशीतला वाळा जागा व्हायचा.

सगळ्यांत आधी पुंजाराम भानावर आला. "थांबा थांबा. म्हणजे माया कापसातलं पाणी तुमाले समजलंच नव्हतं?"

"नाई," नत्थुजी म्हणाले.

"मंग म्या काहून सांगतलं?"

हा प्रश्न अकरा जणांनी एकदम विचारला. नबी म्हणाला, ही फसवणूक आहे. बाराव्या बंडीवाल्याला तर काय बोलावं तेच सुचेना, कारण त्याने हात घालायच्या आधीच सगळं सांगून टाकलं होतं. पुंजाराम वामनरावांपुढे जाऊन उभा राहिला. "शेठ, मले मायी कबुली वापस पाह्यजे."

"आधी पाणी वापस घ्या," वामनराव म्हणाले, "मंग कबुली देतो."

पण खरा पेच वामनरावांचाच झाला होता. नाक पुरतं चुकलं होतं आणि बारा निकाल बरोबर निघाले होते. असल्या माणसाला काढावं की बक्षीस द्यावं? मिशी काढून टाकावी असं कोणी तरी सुचवलं, पण नत्थुजींचे वडील धडधाकट होते आणि बाप जिवंत असताना मिशी कशी काढणार? शेवटी राख आणि रिठे आणले. तीनदा मिशी धुतली. चौथ्यांदा मैनाबाईने स्वतः चोळली, भांडं घासावं तशी. मग पुन्हा मूठ काढली, आणि नत्थुजी खालच्या आवाजात म्हणाले, "कोरडा. पार पोटापावतो कोरडा."

मैनाबाईला त्या दिवसाचा सगळ्यांत वरचा भाव मिळाला. भाव घेऊनही ती जागची हलेना. "शेठ, हे असं नाई चालत. नत्थुभाऊ आमचा कापूस हुंगते, ठीक हाय. पण आजपासून आधी आमी नत्थुभाऊले हुंगू. मंग त्यानं कापूस हुंगावा."

बाराही बंडीवाल्यांनी माना डोलावल्या. वामनरावांना नाही म्हणता येईना. "ठीक हाय," ते म्हणाले. "अन् तो उमरावतीचा पारखी नको मले. अत्तरवाला तं नकोच नको." नत्थुजींना हे ऐकून इतका आनंद झाला की आपल्याला नेमकं काय कबूल करावं लागलं आहे, हे त्यांच्या घरी पोचेपर्यंत लक्षात आलं नाही. मनकर्णाच्या लक्षात मात्र ऐकताक्षणीच आलं. "सगळा बाजार हुंगंन?" तिने विचारलं. "बायाबी?" त्या रात्री भाकरीसोबत कांदाही मिळाला नाही.

पुढच्या बाजाराला ऊन आणखी चढलं होतं. पहिली बंडी पुन्हा हिवरखेडची होती. नत्थुजी वर चढून हात बाजूला धरून उभे राहिले. चेहरा लाल, मान खाली. पुंजाराम चाकावरून वर आला. खाली रांगेतले लोक माना उंचावून बघू लागले. पुंजारामने आधी उजवी मिशी हुंगली, मग डावी, मग मानेपाशी आला, आणि एकदम बंडीचा दांडा घट्ट धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय येते रे?" खालून कोणी ओरडलं.

"घाम!" पुंजाराम गुदमरत पण मोठ्या समाधानाने ओरडला. "नुस्ता घाम हाय! मोप हाय! मानूस खरा हाय, चालू द्या!"

रांगेत एकच जल्लोष झाला आणि मागच्या बंड्यांचे बैल हलले. नत्थुजींनी मान वर केली, बाही सावरली आणि खांद्यापर्यंत हात बोज्यात घातला. हिवरखेडचा कापूस त्या दिवशी कोरडा निघाला.